काचेचं दार, मातीची भिंत

गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला, तो नकाशाच घेऊन. आमचं जुनं घर जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या एका खेड्यात आहे. मातीच्या जाड भिंती, वर माळवद, मध्ये चौक. घराची डागडुजी करायची हे ठरलंच होतं. पुतण्याचं म्हणणं असं, की पश्चिमेची भिंत फोडून तिथं बारा फूट रुंदीचं, सरकणारं काचेचं दार बसवावं. "काका, खाटेवर पडल्या पडल्या मोसंबीची बाग दिसेल."

कल्पना मलाही आवडली. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. पण आपल्याच घराला बाहेरच्या अंगानं एकही खिडकी का नाही, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

तो आमच्या आत्यांनी विचारला. आत्या नव्वदीला टेकल्या आहेत. नकाशा बाजूला सारून त्या म्हणाल्या, "रातच्याला दिवा लावल्यावर बाहेरच्याला आपण दिसू. आपल्याला बाहेरचा दिसंल का?"

पुतण्या हसला. मी मात्र गप्प झालो. कारण आत्यांचा प्रश्न १९४८ सालचा होता. आजचा जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात. रझाकारांच्या त्या दिवसांत आत्या दहा-बारा वर्षांच्या. दिवेलागण झाली की ढाळजेचा दरवाजा लावायचा, आडणा घालायचा आणि दिवा माजघरात न्यायचा. बाहेरून घर अंधारात राहिलं पाहिजे. कित्येक कुटुंबं तेव्हा सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली. जी राहिली, त्यांचा भरवसा या आंधळ्या भिंतींवर होता.

पण या भिंती रझाकारांच्याही आधीच्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीची फौज आणि शिंदे-भोसल्यांचं सैन्य यांची लढाई झाली ती असई आज जालना जिल्ह्यातच आहे. त्या लढाईत असई गावाच्या फार जवळ गेलेल्या इंग्रजांच्या ७४ व्या पलटणीची दाणादाण उडाली. गावाला तट होता तो मातीचा! त्यानंतरची पंधरा वर्षं पेंढाऱ्यांच्या धाडींची. अशा मुलखात घर बांधणारा माणूस बाहेर खिडकी कशाला ठेवील? दाणे बळदात किंवा पेवात, माणसं माजघरात आणि उजेड वरून, माळवदाला ठेवलेल्या सवण्यातून.

मग हे घर कोंदट होतं का? मुळीच नाही. बाहेरून मुकं असलेलं हे घर आतून सताड उघडं होतं. चौकाच्या बाजूला भिंतच नसे. सोप्यात नुसते लाकडी खांब. दोन खांबांमधल्या अंतराला आपण खण म्हणतो आणि घर किती मोठं ते खणांत मोजतो. वारा, ऊन, पाऊस, आल्यागेल्याची चाहूल सगळं चौकातून यायचं. आपल्या पूर्वजांना उजेडाचं वावडं नव्हतं. तो कोणत्या बाजूनं घ्यायचा, एवढंच त्यांनी ठरवून टाकलं होतं.

या बांधणीत आणखी एक गोम आहे. माळवद म्हणजे तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला नवी माती टाकायची; जुनी कोण काढतो? पिढ्यान् पिढ्या हे ओझं वाढत जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसं गेली, ती बरीचशी दगडमातीच्या जाड भिंती आणि असली जड छपरं अंगावर येऊन. त्यातही जिथं छताचा भार लाकडी खांबांवर नीट पेलला होता, तिथं भिंती ढासळूनही सांगाडा उभा राहिलेला लोकांनी पाहिला. म्हणजे घर उभं असतं ते खांबांवर. भिंत आडोशाला असते. पण हे खांब धड असतील तरच!

आमच्याकडे तेच झालं. नको नको म्हणता पश्चिमेच्या भिंतीला गवंड्यानं हात घातला. दोन हात माती निघाली आणि भिंतीत दडलेला खांब दिसला. वाळवीनं तो पार पोखरला होता. लाकडाच्या जागी भुसा. वरचं माळवद किती वर्षं त्या मातीच्या भिंतीनंच तोलून धरलं होतं, कोण जाणे. वरून माती झिरपायला लागली, तसं काम थांबवून रातोरात टेकू लावले.

आता काचेबद्दल. काच आपल्याकडे नवी नाही. श्रीमंतांच्या वाड्यांत हंड्या-झुंबरं होती. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे जालन्यावरून सुरू झाली आणि कौलं, पत्रे यांच्याबरोबर काचेची तावदानंही आली. स्वदेशीच्या काळात, १९०८ मध्ये, तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. ओगल्यांच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील तर घरोघर लटकला. पण भिंतीएवढी काच ही अलीकडची गोष्ट. वितळलेल्या कथलावर काचेचा रस तरंगवून सपाट काच करण्याची रीत इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ मध्ये जाहीर केली. थंड देशातल्या माणसाला ऊन घरात हवं असतं. काच ऊन आत घेते आणि त्याची ऊब सहजी बाहेर सोडत नाही. वैशाखात पारा बेचाळिसावर गेलेला असताना पश्चिमेच्या उन्हाला बारा फुटांची काच दाखवणं म्हणजे घराची भट्टी करणं.

शेवटी आम्ही पश्चिमेची भिंत पुन्हा भरली. पोखरलेल्या खांबाला लोखंडी खांबाची जोड दिली आणि माळवदावरची जादा माती उतरवली. काचेचं दार बसलं ते आत, चौकाकडच्या सोप्यात. तीन खणांत तीन दारं, खांब जागच्या जागी. जुन्या खांबांत एकही ओळंब्यात नव्हता आणि कडक केलेली काच नंतर कापता येत नाही. म्हणून आधी चौकटी बसवल्या, मग मापं घेतली. चौकट आणि तुळई यांच्यात बोटभर फट ठेवली; तुळई वाकली तरी तिचा भार काचेवर यायला नको.

सगळं मनासारखं झालं असं नाही. मोसंबीची बाग खाटेवरून दिसत नाही, याची पुतण्याला हळहळ आहे. माझी हळहळ वेगळी. पूर्वी कुणीही ढाळजेतून हाक देत थेट सोप्यात येऊन बसायचा. आता तो काचेपाशी थबकतो, आत कोण आहे ते पाहतो आणि चपला कुठं काढाव्यात याचा विचार करतो.

पहिल्या रात्री आम्ही सोप्यात दिवे लावून बसलो. काचेत आमचीच तोंडं दिसत होती. पलीकडचा चौक काळाभोर. आत्या बराच वेळ काचेकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पुतण्याला जवळ बोलावून एक जुनं लुगडं मागवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्याचे तीन पडदे शिवून झाले होते.