बार्शी लाईट रेल्वेची इंग्लंडांतील प्रत

मूळ पोथी हरवली असली म्हणजे संशोधक तिच्या प्रतींचा शोध घेतो. प्रत कितीही दूरच्या देशीं सांपडो, तीवरून मूळ पाठ बराचसा सिद्ध करतां येतो. पोथ्यांच्या बाबतींत सर्वमान्य असलेला हा न्याय लोहमार्गांसही लागू पडतो, असें आम्हांस एका सायकलीच्या फेरीनें पटलें. इंग्लंडांत स्टॅफर्डशायर परगण्यांतील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यांतून एक डांबरी वाट जाते. ती पूर्वी लोहमार्ग होती. आणि त्या लोहमार्गाचें मूळ आमच्या सोलापूर जिल्ह्यांत, बार्शीस आहे. हा संबंध वाचकांपुढें मांडावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप (इ. स. १८५७–१९२७) हा इंग्रज अभियंता इ. स. १८८२ त ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला. मुंबईहून सोलापुराकडे जाणारा मुख्य मार्ग बार्शीची पेठ वीसएक मैल बाजूस टाकून गेला होता. ही उणीव भरून काढण्यासाठीं कॅलथ्रॉपनें अडीच फूट रुंदीच्या रुळांची योजना मांडली, इ. स. १८९५ त लंडनमध्यें कंपनी स्थापिली, आणि इ. स. १८९७ त बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी येथून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. योजनेचें मर्म असें: इंजिन असो वा डबा, कोणत्याही आंसावर ५ टनांहून अधिक भार येऊं द्यावयाचा नाहीं. भार अशा रीतीनें सारखा वांटला म्हणजे हलके रूळ पुरतात, आणि थोड्या खर्चांत पुष्कळ माल वाहतां येतो. योजना यशस्वी झाली. पुढें हा मार्ग पंढरपूर (इ. स. १९०६), लातूर (इ. स. १९११) व मिरज (इ. स. १९२७) येथपर्यंत वाढला.

इकडे इंग्लंडांत इ. स. १८९६ च्या कायद्यानें हलके लोहमार्ग बांधण्यास उत्तेजन मिळालें होतें. मॅनिफोल्डच्या खोऱ्यांत असा मार्ग काढण्याचें ठरलें तेव्हां अभियंता म्हणून कॅलथ्रॉपचीच योजना झाली. बार्शीस अनुभव देऊन गेलेलें तेंच माप, अडीच फूट, त्यानें येथेंही घेतलें. बार्शीचीं पहिलीं इंजिनें लीड्स येथील किटसन कारखान्यानें घडविलीं होतीं. येथील दोन्ही इंजिनें त्याच कारखान्याचीं. त्यांपैकीं एकास कॅलथ्रॉपचें, व दुसऱ्यास जागेवरील अभियंता अर्ल ह्याचें नांव दिलें होतें. दि. २७ जून १९०४ रोजीं वाहतूक सुरू झाली. म्हणजे बार्शीचा मार्ग सात वर्षांनीं वडील. तिकडून इकडे आलेल्या विद्येचींच उदाहरणें आपण नेहमीं ऐकतों. येथें सोलापूर जिल्ह्यांत कसोटीस उतरलेली विद्या इंग्लंडांत गेली. अर्थात् कल्पना इंग्रजाची व कंपनी लंडनची, हें विसरून नसता अभिमान मिरवूं नये. परंतु कसोटी आमच्या भूमीवर झाली, हें सन पाहिले असतां निर्विवाद ठरतें.

प्रत मात्र मूळाप्रमाणें चालली नाहीं. बार्शीचा मार्ग पेठेस जाऊन भिडला होता; मॅनिफोल्डचा मार्ग नदीकांठानें गेला, आणि वेटन, ग्रिंडन, बटरटन हीं गांवें राहिलीं वर डोंगरावर. दुधाच्या वाहतुकीनें कांहीं काळ निभावलें. रुंद रुळांवरील वाघिणी जशाच्या तशा पाठीवर घेऊन जाणारे विशेष डबेही कॅलथ्रॉपनें येथें वापरले होते. तथापि दुधाचा व्यापार सुटला आणि मार्च १९३४ मध्यें मार्ग बंद पडला. रूळ उखडले गेले. पण ती जमीन विकून तिचे तुकडे न करतां परगण्याच्या लोकसभेच्या स्वाधीन करण्यांत आली, व इ. स. १९३७ त तीच वाट पादचाऱ्यांस खुली झाली. आज तीवरून सायकली जातात.

आम्हीं ही वाट उत्तरेस ह्यूम एंड येथून धरली. तेथील स्थानकाची लांकडी इमारत अद्याप उभी आहे. एक्टनच्या तांब्याच्या जुन्या खाणींवरून पुढें स्वेन्स्लीचा लहानसा बोगदा लागतो. लीक गांवचे रेशीम रंगविणारे कारखानदार टॉमस वॉर्डल ह्यांच्या तेथील निवासांतून गाड्या दिसूं नयेत म्हणून तो खोदला, असें सांगतात. हेच वॉर्डल हिंदुस्थानांतील टसर रेशमाचे अभ्यासक होते. त्यापुढें वेटन मिल, मग उंच कड्यांत थॉरच्या गुहेचें विशाल मुख, नंतर बीस्टन टॉर. तेथून हॅम्प्स नदीच्या कांठानें वॉटरहाउसेस. एकंदर अंतर सुमारें ८ मैल. चुनखडीच्या ह्या प्रदेशांत उन्हाळ्यांत नदीचें पाणी भूमिगत होतें व कोरड्या पात्राशेजारून वाट चालते.

साठी उलटलेल्या आमच्या पायांस कोठेंही दमछाक झाली नाहीं. ह्याचें श्रेय आमच्या पायांस नसून आखणीस आहे. आगगाडीस तीव्र चढ चढवत नाहीं, म्हणून अभियंत्यास जमिनीशीं मिळतें घ्यावें लागतें. तो डोंगर फोडीत नाहीं, नदीबरोबर वळतो. रूळ गेले, इंजिनें गेलीं, पण हा मंद चढ तेथें तसाच आहे. तो कॅलथ्रॉपचा हस्तलेखच होय, आणि सायकलीवर बसलेल्या माणसास तो पायांनीं वाचतां येतो.

ह्यूम एंडच्या त्या लांकडी इमारतीपुढें आम्हांस आमची विद्यार्थिदशा आठवली. कुर्डुवाडीहून पंढरपुरास आम्ही त्याच अडीच फुटी गाडीनें गेलों होतों. त्या वेळीं आम्हीं एकही टिपण केलें नाहीं. संस्कृत पोथींतील एका मात्रेसाठीं पुढें आयुष्यभर वाद घालणाऱ्या आम्हांस, ज्या गाडींत आपण बसलों आहों ती इतिहासाचें साधन आहे, हें सुचलें नाहीं, ह्याची खंत वाटते.

बार्शी लाईट इ. स. १९५४ त सरकारनें विकत घेतली, आणि इ. स. २००० नंतर टप्प्याटप्प्यानें तिचे मार्ग रुंद झाले. ह्यांत तक्रारीस जागा नाहीं. त्या प्रदेशास रुंद मार्गाची गरज होती. परंतु जुन्या अक्षरांवर नवीं अक्षरें लिहावीं तसें हें झालें. कोठें जुन्या भरावावरच नवे रूळ पडले, कोठें, जसें धाराशिव (इ. स. २०२३ पर्यंत उस्मानाबाद) शहरास मार्गावर घेतांना, आखणीच बदलली व जुना मार्ग बाजूस पडला. जेथें तो बाजूस पडला तेथेंच मूळ पाठ शोधावयाचा आहे. नांगर फिरला किंवा घरें उठलीं म्हणजे तो संपला.

म्हणून आमची विनंती अशी. बार्शी, कुर्डुवाडी, येडशी, लातूर, पंढरपूर, मिरज ह्या भागांतील अभ्यासकांनीं जुन्या भरावावरून पायीं अथवा सायकलीनें जावें. मोऱ्या, कठडे, स्थानकांच्या इमारती जेथें उरल्या असतील तेथें मापें घ्यावीं. त्या गाडीवर काम केलेल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्या. जुनीं तिकिटें व वेळापत्रकें जपावीं. मॅनिफोल्डची प्रत सुरक्षित आहे. मूळाचीं पानें वाऱ्यावर आहेत, तीं गोळा करण्यास अजून वेळ आहे.