नातेवाईक म्हणून कोणाचं नाव लिहायचं?

मागच्या पंधरवड्यात आमच्या गटाची बैठक झाली, तेव्हा हप्त्याचे पैसे मोजून झाल्यावर आम्ही अर्ज भरायला बसलो होतो. आमच्यातल्या एकीची मुलगी 17 वर्षांची आहे. बोलत नाही, आईच्या हातानंच जेवते, वीज कडाडली की आईच्या पदराआड शिरते. अर्जात पालकाच्या नावाचा रकाना आला. आईनं आपलं नाव सांगितलं, आम्ही लिहिलं. मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "आन मी मेल्यावर? तवा इच्या कागदावर कोनाचं नाव लिहान वं तुमी?"

कोणीच काही बोललं नाही. आजचं आमचं बोलणं त्या रकान्याबद्दल आहे. तो रकाना आपल्या नावानं भरणारी माणसं आपल्याच वऱ्हाडात होऊन गेली आणि आजही आहेत. त्यांची गोष्ट सांगतो.

आपल्या जळगाव जामोदहून सातपुडा उजळतो तिकडे, म्हणजे उगवतीला निघालं, की संग्रामपूर, मग अकोट, अंजनगाव सुर्जी आणि पुढे परतवाडा. डोंगर सगळ्या वाटेवर डाव्या हाताला सोबत असतो. परतवाड्याजवळ अचलपूर तालुक्यात वझ्झर नावाचं गाव आहे. तिथे शंकरबाबा पापळकर यांनी उभं केलेलं एक बालगृह आहे, अंबादासपंत वैद्य यांच्या नावाचं. रेल्वे स्टेशनावर, बसस्टँडवर, उकिरड्यावर सोडून दिलेली मुलं तिथे राहतात. कोणी अंध, कोणी मूकबधिर, कोणी मतिमंद, कोणाचे हातपाय चालत नाहीत. या कामाला 30 वर्षांहून जास्त काळ झाला. मुलांची संख्या 123 सांगितली जाते, आणि त्यांत मुलीच जास्त आहेत. मुलीच जास्त का, हे तुम्हाला-आम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

या मुलांच्या आधार कार्डावर वडिलांचं नाव शंकरबाबा आणि आडनाव पापळकर असं आहे. आपण बाया आडनावाची किंमत जाणतो. लग्नात एक जातं, दुसरं येतं, आणि बँकेत दोन्हींचा मेळ घालता घालता दिवस जातो. पण ज्या पोरीला आडनावच नाही तिचा दाखला निघत नाही, शाळेच्या पटावर नाव चढत नाही, मतदार यादीत ती नसते. नाव देणं हा पुण्याचा भाग असेलही, आम्हाला मात्र ते आधी कागदाचं काम वाटतं. त्या एका नावावर पुढचे सगळे कागद उभे राहतात.

माला पापळकरचं उदाहरण घ्या. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी जळगावच्या रेल्वे स्टेशनवर कचराकुंडीत एक तान्ही मुलगी सापडली. (आपलं जळगाव नव्हे, खानदेशातलं. आपल्या जळगावाला रेल्वेच नाही.) मुलीला डोळ्यांनी दिसत नव्हतं. आईबापांचा शोध लागला नाही, आणि तिथून ती वझ्झरला आली. ब्रेल शिकली, दहावी-बारावी झाली, अमरावतीत राहून पदवी घेतली. मग स्पर्धा परीक्षेला बसली. पहिल्या खेपेला जमलं नाही, पुन्हा बसली. 2024 मध्ये ती लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा पास झाली. सगळ्या पेपरांनी बातमी छापली, आणि सगळीकडे नाव छापून आलं ते माला शंकरबाबा पापळकर असं. त्याच वर्षी शंकरबाबांना पद्मश्री मिळाली. त्यांनी तेव्हा ऐंशी ओलांडली होती.

तिथली सगळी मुलं माला होत नाहीत, हेही बोललं पाहिजे. काही मुलं कधीच स्वतःच्या हातानं जेवणार नाहीत. मोठी झालेली मुलं लहान आणि जास्त अधू असलेल्यांना सांभाळतात, सगळ्यांनी मिळून त्या उजाड जागेत हजारो झाडं लावली. काहींची लग्नं झाली. 2020 च्या डिसेंबरात नागपूरला तिथल्याच एका मूकबधिर मुलीचं तिथल्याच मूकबधिर मुलाशी लग्न लागलं. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख आणि त्यांच्या पत्नी यांनी कन्यादान केलं, आणि मुलाच्या बाजूनं नागपूरचे जिल्हाधिकारी उभे राहिले. 'कन्यादान' या शब्दावरून आमच्या गटात दोन मतं आहेत, ते भांडण पुन्हा कधी. पण त्या पोरांच्या लग्नात दोन्हीकडून माणसं उभी होती, याला सगळ्यांनी मान डोलावली.

शंकरबाबा आधी पत्रकारी करत. 'देवकीनंदन गोपाला' नावाचं मासिक ते काढायचे, गाडगेबाबांच्या विचारांचं. आणि गाडगेबाबा म्हणजे आपलाच मुलूख. 1876 साली शेंडगावला जन्म, अंजनगाव सुर्जीकडचं ते गाव. बाबांनी घर सोडलं, हाती खराटा घेतला. पूर्णाकाठी ऋणमोचनाच्या यात्रेत ते आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना जेवायला घालत. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. आणि एवढं उभं करून या कशावर आपल्या नातलगांचा हक्क नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. आपण कीर्तनातून बाबांचा त्याग ऐकतो. कुंताबाईंना तो त्याग कोणी विचारून करायला लावला होता का, हे कीर्तनात येत नाही. म्हणून आम्ही ते इथे बोलतो.

तर गुरूनं नातं सोडून काम केलं, आणि शिष्यानं शंभरावर पोरांशी नातं जोडून केलं. वाट उलटी आहे. तरी दोघांचं काम एका रांगेतलं आहे, असं आम्हाला वाटतं.

याच्याही आधी विदर्भात असं काम कुटुंबांनी उचललं होतं, ते महारोग्यांचं. तेव्हा महारोग झाला की नातं पहिलं तुटायचं. नवरा बायकोला काढून द्यायचा, मुलगा आईला गावाबाहेर ठेवायचा. 1936 मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी काम सुरू केलं. 1946 मध्ये अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारलं, त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या कामात बरोबर होत्या. तुम्ही म्हणाल, महारोग वेगळा आणि अपंगत्व वेगळं. पण 1995 च्या अपंगांच्या कायद्यानं बऱ्या झालेल्या कुष्ठरोग्यांनाही त्यातच धरलं. बोटं झडलेली बाई भाकरी कशी थापणार, हा प्रश्न औषधानं सुटत नाही.

वरोऱ्याचं आनंदवन तर तुम्हाला ठाऊकच आहे. बाबा आमटे सगळ्यांना माहीत असतात. आज साधनाताईंबद्दल थोडं जास्त बोलू. माहेरच्या त्या इंदू घुलेशास्त्री, नागपूरच्या सोवळ्यातल्या घरातल्या. घरात बहिणीच्या लग्नाची गडबड चालली होती आणि ही मुलगी मागच्या बाजूला म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. बाबांनी ते पाहिलं आणि हिच्याशीच लग्न करायचं ठरवलं. 1946 मध्ये लग्न झालं. 1951 मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर ते राहायला गेले. सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि 14 रुपये, असं त्याचं वर्णन नेहमी केलं जातं. त्या मोजणीत दोन पोरं सुटून जातात. विकास तेव्हा चार वर्षांचाही झाला नव्हता, प्रकाश अडीच वर्षांचा. साप-विंचवाच्या माळावर, पाण्यासाठी विहीर खोदण्यापासून तयारी, आणि चुलीपाशी दोन लेकरं. साधनाताईंनी आपल्या आयुष्याचं 'समिधा' हे पुस्तक लिहिलं आहे. गावाच्या वाचनालयात असेल तर वाचा.

सुरुवातीला आनंदवनाचा भाजीपाला घ्यायला वरोऱ्याची माणसं तयार नव्हती. महारोग्यांनी पिकवलेलं कोण खाणार? मग परदेशातली तरुण मुलं श्रमदानाला आली, तिथेच राहिली, तिथलंच जेवली. ते पाहून लोकांची भीड मोडली. गोऱ्या पोरांनी खाल्लं म्हणून आपण खाल्लं, असा तो हिशेब, त्यावर काय बोलावं! पुढे त्याच आनंदवनात अंधांची शाळा निघाली, मूकबधिरांची निघाली, आणि आमट्यांची मुलं, सुना, नातवंडं या कामात आली.

आपल्या जिल्ह्यातही चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला नंदकुमार आणि आरती पालवे या जोडप्यानं सेवासंकल्प चालवलं आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या, भान हरपलेल्या माणसांना ते आणतात, न्हाऊ-माखू घालतात. त्यांचं घर आणि संस्था एकाच आवारात नांदतात.

ही सगळी कामं घरच्या माणसांच्या जिवावर चालतात, म्हणून त्यांत माया आहे आणि म्हणूनच धास्तीही आहे. माणूस थकतो. कायदा मात्र वयाचा आकडा मोजतो. बालगृहात मूल राहणार ते 18 वर्षांपर्यंत. त्यानंतर थोडी वर्षं अनुरक्षणाची सोय, तीही साधारण 21 पर्यंत. पण ज्याला घास भरवावा लागतो त्याला 18 वर्षं आणि एक दिवस झाला म्हणून काय बदललं? शंकरबाबा कित्येक वर्षं सरकारकडे हेच मागत आले की अशा बेवारस दिव्यांगांना 18 नंतरही त्याच घरी आयुष्यभर राहू देणारा कायदा करा. आपली मुलं त्यांनी घराबाहेर काढली नाहीत.

आता घरात आई असलेल्या मुलांचं. हे नीट ऐका, कारण आमच्यातल्या कित्येकींना हे माहीतच नव्हतं. मूल 18 चं होईपर्यंत आई-बाप हेच पालक. त्यानंतर मतिमंदत्व, मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता किंवा एकाहून जास्त अपंगत्व असेल, तर जन्मदात्या आईलाही कागदावर पालक नेमून घ्यावं लागतं. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्याची स्थानिक समिती ही नेमणूक करते, आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. आई-बाप अर्ज करू शकतात, जवळचे नातेवाईक करू शकतात, नोंदणी झालेली संस्थाही करू शकते. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि पुढे दर वर्षी हिशेब. वावराचा हिस्सा परस्पर कोणी लाटू नये म्हणून ही तरतूद. नुसतं अंधत्व किंवा बहिरेपणा असलेल्या मोठ्या माणसाला मात्र असा पालक लागत नाही, तो आपली सही आपणच करतो. मालासारखी.

आम्ही हे त्या मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, अर्ज करीन. मग बोटांवर मोजू लागली. नांदुरा, मोताळा करत बुलढाणा गाठायचं म्हणजे दिवस मोडतो, आणि पोरीला सोबत न्यायचं तर एसटीत ती घाबरते. तेव्हा दोघी जणी तिच्यासोबत जातील, असं ठरलं. पोरीला 18 वर्षं पूर्ण होतात ती तारीख आम्ही गटाच्या वहीत, हप्त्यांच्या पानावर वरच लिहून ठेवली आहे. दुसऱ्या रकान्यात, म्हणजे आईच्या मागे कोण, तिथे तिनं पेन्सिलीनं आपल्या धाकट्या बहिणीचं नाव लिहायला लावलं. बहिणीला अजून विचारायचं आहे.