चित्र आणि बखर : होमाई व्यारावाला यांची छायाचित्रे व आठवणी

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि त्याच्या प्रस्तावनेत बखरींना चांगलेच धारेवर धरले. अस्सल पत्र तेवढे प्रमाण. बखर ही मागाहून, आठवणीवरून रचलेली, सबब ती पारखून घ्यावी, हा धडा आम्ही तेव्हापासून गिरवीत आलो आहोत. परंतु विसाव्या शतकाचा इतिहास पाहू लागलो की एक निराळ्याच जातीचे साधन हाती येते आणि या वर्गवारीत त्याला कोठे बसवावे ते चटकन ठरत नाही. हे साधन म्हणजे वर्तमानपत्रातील छायाचित्र. घटना घडत असतानाच ते उमटलेले असते, म्हणजे पत्राहूनही अस्सल. पण ते पडले मुके. चित्रातला प्रसंग कोणता, त्याच्या घटकाभर आधी काय झाले, चौकटीबाहेर कोण उभे होते, हे चित्र सांगत नाही. ते सांगावयास चित्र टिपणारा माणूसच लागतो. म्हणजे फिरून आठवण आली, फिरून बखर आली!

या दृष्टीने आज आम्ही एका बाईंच्या चित्रांचा व आठवणींचा विचार करणार आहोत. होमाई व्यारावाला हे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलेच असेल. नसेल ऐकले, तरी त्यांची चित्रे आपण पाहिली आहेत, याची आम्हांस खात्री वाटते. पंडित नेहरू हातातले कबुतर आकाशात सोडीत आहेत, ते चित्र त्यांचे. विमानतळावर बहीण विजयालक्ष्मी पंडित यांना नेहरूंनी कवटाळले आहे, तेही त्यांचेच. लाल किल्ल्यावर स्वतंत्र भारताचा ध्वज प्रथम चढला त्या प्रसंगाची चित्रेही त्यांनी घेतली. (हा ध्वज 15 ऑगस्टला नव्हे, 16 ऑगस्ट 1947 रोजी सकाळी तेथे चढला, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात नसते.) चित्रे घरोघर पोचली, नाव मात्र पोचले नाही. असे का झाले, हा आमच्या विषयाचा गाभा आहे.

होमाईबाई 9 डिसेंबर 1913 रोजी नवसारीस एका पारशी कुटुंबात जन्मल्या. वडील फिरत्या नाटक मंडळीत नट. पुढे बिऱ्हाड मुंबईस आले आणि होमाईबाईंचे शिक्षण तेथेच, शेवटी सर ज. जी. कलाशाळेत, झाले. माणेकशॉ व्यारावाला यांच्याशी त्यांची ओळख झाली ती तेराव्या वर्षी. माणेकशॉ ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हिशेबाचे काम पाहत आणि छायाचित्रेही काढीत. कॅमेरा कसा धरावा हे होमाईबाई त्यांच्याकडून शिकल्या. पुढे दोघांचा विवाह झाला. बायकांच्या एका मंडळाची सहल निघाली होती, तिची होमाईबाईंनी काढलेली चित्रे ‘बाँबे क्रॉनिकल’मध्ये आली आणि दर चित्रास एक रुपया मिळाला. पहिल्या काळातील त्यांची बरीचशी चित्रे नवऱ्याच्या नावावर छापली गेली. बाईच्या नावाला त्या धंद्यात वजन नव्हते, एवढेच त्याचे कारण. कोणी दुष्टपणा केला असे म्हणवत नाही. पण ज्याच्या हातून साधन निर्माण झाले त्याचे नाव पहिल्याच पायरीवर कसे गळते, याचा हा नमुना ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

या उपेक्षेचा एक फायदाही झाला, आणि तो स्वतः होमाईबाईच हसत हसत सांगत. बाई कॅमेरा घेऊन हिंडते आहे, हौस असेल बिचारीला, अशा समजुतीने लोक त्यांच्याकडे दुर्लक्ष करीत. कोणी अडवीत नसे, कोणी ऐटीत उभा राहत नसे. महायुद्धकाळच्या मुंबईची त्यांची चित्रे पाहिली म्हणजे त्यांत माणसे आपापल्या कामात गढलेली दिसतात, ती यामुळेच असावीत.

1942 मध्ये ब्रिटिश माहिती खात्यात नोकरी मिळून हे जोडपे दिल्लीस गेले. बाहेरच्या नियतकालिकांस चित्रे देण्याची त्यांना मुभा होती. दिल्लीत होमाईबाई प्रथम सायकलवरून हिंडत. साडी नेसलेली बाई, खांद्यास अवजड सामान आणि खाली सायकल! पुढे मोटार घेतली, तिचा क्रमांक निघाला डी.एल.डी. 13. जन्म तेराच्या साली, नवऱ्याची गाठ तेराव्या वर्षी आणि मोटारही तेरा क्रमांकाची. तेव्हा त्यांनी गमतीने ‘डालडा 13’ हेच टोपणनाव घेतले. वनस्पती तुपाचा डबा ज्या घरात नव्हता असे घर त्या काळी विरळा, त्यामुळे विनोद कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

त्या काळच्या यंत्रसामग्रीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण आज खिशातील फोनने मिनिटात पन्नास चित्रे काढणाऱ्यांस हा व्यवसाय उमगणार नाही. होमाईबाईंचा एक कॅमेरा ‘स्पीड ग्राफिक’ जातीचा, पेटीएवढा. त्यात फिल्मचे सुटे पत्रे घालावयाचे. एका धारकात दोनच. प्रत्येक चित्रास प्रकाशाचा एक नवा दिवा. तो एकदा लखकन पेटला की संपला, आणि पोळणारा दिवा काढून दुसरा बसवावयाचा. दुसरा कॅमेरा ‘रोलायफ्लेक्स’. तो पोटाशी धरून वरून काचेत पाहावयाचे, तेथे डावे ते उजवे दिसते; एका गुंडाळीवर चित्रे बारा. अशा साधनाने काम करणारा माणूस बंदूक चालवल्यासारखी चित्रे काढू शकत नाही. त्याला थांबावे लागते. पुढारी आता वळेल, आता हसेल, हे आधी ओळखावे लागते. अंधाऱ्या खोलीतील काम माणेकशॉ पाहत. म्हणजे ही चित्रे दोघांच्या संसारातून निघाली, हेही नमूद केले पाहिजे.

आता एक प्रसिद्ध चित्र घेऊ. सभागृह भरलेले आहे आणि सभासदांनी फाळणीच्या बाजूने हात वर केले आहेत. भारताचे भवितव्य ठरविणारा क्षण कॅमेऱ्यात सापडला, असा हा दुर्मिळ प्रकार. या चित्राखाली 3 जून 1947 ही तारीख पुष्कळदा छापलेली आढळते. राजवाड्यांचे नाव घेणाऱ्याने येथे थांबलेच पाहिजे. त्या दिवशी माउंटबॅटन योजना जाहीर झाली आणि माउंटबॅटन, नेहरू, जिना व बलदेवसिंग रेडिओवर बोलले. व्हाइसरॉयच्या घरी झालेल्या आदल्या दिवशीच्या बैठकीस तर मोजकेच पुढारी होते. फाळणीचा ठराव अखिल भारतीय काँग्रेस समितीपुढे आला तो 14 व 15 जूनला. गोविंदवल्लभ पंतांनी तो मांडला, पुरुषोत्तमदास टंडनांनी कसून विरोध केला, आणि ज्यांना फाळणी कधीच नको होती त्या गांधीजींनी तो स्वीकारा असे सांगितले. भरलेले सभागृह आणि वर झालेले हात या बैठकीशी जुळतात, असे आमचे मत आहे. चित्र खोटे नाही. त्याखालची ओळ सैल आहे. चित्राला आपण अस्सल कागद मानतो आणि त्याच्या पायाशी चिकटलेली बखर न पारखताच गिळतो.

त्याच ऑगस्टच्या आधीची जिनांची गोष्ट. पाकिस्तानास जाण्यापूर्वी दिल्लीत त्यांनी शेवटची वार्ताहर परिषद घेतली. गर्दीत काही दिसेना, म्हणून होमाईबाई खोक्यांवर चढल्या आणि तोल जाऊन पडल्या. जिनांनी लागले तर नाही ना म्हणून विचारपूस केली, अशी आठवण त्या सांगत. एरवी करड्या चेहऱ्याने इतिहासात वावरणारे जिना या एका वाक्यापुरते निराळे दिसतात. हे कोणत्याही चित्रात नाही. ते बखरीतच सापडावयाचे.

आणि एक चित्र असे की जे निघालेच नाही. 30 जानेवारी 1948 रोजी होमाईबाई बिर्ला भवनातील प्रार्थनेला जावयास निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ, असे पतीने सुचविले आणि त्या परतल्या. त्याच संध्याकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. जगप्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ त्याच दिवशी गांधीजींना भेटून गेला होता. त्या क्षणी तोही तेथे नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या अंत्ययात्रेची होमाईबाईंची चित्रे जगभर गेली. तरी ती न गेलेली संध्याकाळ त्यांना आयुष्यभर सलत राहिली. हा सल व्यवसायाचा होता हे उघड आहे. पण तेवढाच होता असे आम्हांस वाटत नाही. ज्या माणसाची चित्रे वर्षानुवर्षे काढली, त्याच्या शेवटच्या पावलांशी आपण नव्हतो, ही साक्षीदाराची हळहळ त्यात आहे.

1956 मध्ये बुद्धजयंतीच्या 2500व्या वर्षानिमित्त दलाई लामा भारतात आले, तेव्हा होमाईबाईंनी थेट सिक्कीम गाठले आणि नथु ला मार्गे येणाऱ्या लामांची चित्रे घेतली. हो चि मिन्ह, राणी एलिझाबेथ, जॅकलीन केनेडी अशी पाहुण्यांची यादी मोठी आहे. ती येथे वाचीत बसत नाही. त्यांचे मन होते नेहरूंपाशी. विमानतळावर ‘छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई’ अशा इंग्रजी फलकाशेजारी पंतप्रधान उभे आहेत, हे चित्र होमाईबाईंनी अर्थातच काढले. दुसऱ्या एका चित्रात विमानातल्या नेहरूंच्या स्वतःच्या ओठांत सिगारेट आहे आणि ते ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देत आहेत. या जवळिकीस सलगीचे रूप आलेले नाही. राज्यकर्ता आणि छायाचित्रकार यांत तेव्हा चार हातांचेच अंतर असे, परंतु ते चार हात दोघेही पाळीत. मे 1964 मध्ये नेहरू गेले, त्या दिवशी इतर छायाचित्रकारांपासून तोंड लपवून त्या रडल्या. काम मात्र पुरे केले.

1969 मध्ये माणेकशॉ वारले आणि पुढल्याच वर्षी होमाईबाईंनी कॅमेरा खाली ठेवला. दुःख हे एक कारण असेल. त्या स्वतः कारण सांगत ते वेगळेच. पूर्वी छायाचित्रकारांत रीत होती, पोशाखाचा धरबंध होता, एकमेकांस जागा देण्याची चाल होती. नवी मंडळी रेटारेटी करू लागली, धक्के मारू लागली. त्या गर्दीत आपल्याला उभे राहावयाचे नाही, असे त्यांनी ठरविले. यात जुन्या पिढीचे नव्या पिढीविषयीचे नेहमीचे गाऱ्हाणे काही अंशी आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या बाईने नुसती तक्रार न करता हातचे काम सोडले, तिचे गाऱ्हाणे जरा निराळ्या मोलाने तोलले पाहिजे.

त्यानंतर त्या मुलाबरोबर पिलानीस आणि पुढे बडोद्यास राहिल्या. पेट्यांतील निगेटिव्हांची बरीच वर्षे कोणी वास्तपुस्त केली नाही. आमच्याकडील वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत व गावोगावच्या फोटो स्टुडिओंतही अशा पेट्या आहेत. जुनी फिल्म कुजू लागली की तिला आंबूस, शिरक्यासारखा वास येतो. तो वास येईपर्यंत पेटी उघडली जात नाही, आणि तोवर ‘हा कोण, हे कोठले’ हे सांगणारा माणूस निघून गेलेला असतो. होमाईबाईंच्या बाबतीत दैव बरे म्हणावयाचे. सबीना गडीहोक या अभ्यासक त्यांच्यापर्यंत पोचल्या, चित्रे पुढे ठेवून आठवणी टिपून घेतल्या आणि 2006 मध्ये त्यांवर ग्रंथ सिद्ध केला. हा संग्रह नंतर दिल्लीच्या अल्काझी प्रतिष्ठानाकडे सोपविण्यात आला. 2011 मध्ये पद्मविभूषण मिळाले, तेव्हा होमाईबाईंनी सत्त्याण्णव वर्षे पूर्ण केली होती. 15 जानेवारी 2012 रोजी बडोद्यास त्यांचे देहावसान झाले.

मुलगा 1989 मध्ये वारला होता; त्यानंतर त्या एकट्याच राहत. बाग करीत, मोडलेले सामान स्वतः दुरुस्त करीत, सुतारकाम व नळाचे कामही आपल्या हाताने उरकीत. या चाळीस वर्षांत त्यांनी छायाचित्र म्हणून काढले नाही.