पोलिसांच्या दप्तरातला आपला कागद

मंडळी, सातबाऱ्याचा उतारा आणायला तलाठ्याकडे जाताना तुमची छाती धडधडते काय? नाही. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, फेरफाराची नक्कल, हे कागद आपण हक्काने मागतो आणि उशीर झाला तर चार शब्द सुनावतोही. पण तोच कागद पोलीस कचेरीत असला की पाय उंबऱ्याशी अडखळतो. त्यातून ती कचेरी मुंबईसारख्या शहरातली असली, म्हणजे तर बोलायलाच नको. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण आपण पोलीस ठाण्यालाही लावून टाकली आहे. ह्या भीतीला इतिहास आहे, आणि ती कशी कशी कमी होत गेली ह्यालाही इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

सुरुवात एका नभोवाणी केंद्रापासून करू. आकाशवाणीच्या पुस्तिकेत ते शोभूनही दिसेल!

8 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर बंधने आली. तेव्हा मुंबईतल्या काही तरुणांनी गुप्त नभोवाणी केंद्र उभारले. त्यात उषा मेहता होत्या, वय अवघे 22. बाबूभाई खाकर होते, चंद्रकांत झवेरी होते. 27 ऑगस्टपासून 42.34 मीटरवर 'काँग्रेस रेडिओ' बोलू लागला. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र आज ह्या घरात, तर काही दिवसांनी दुसऱ्याच घरात. शेवटी 12 नोव्हेंबरला पोलीस दाराशी आलेच. खास न्यायालयापुढे खटला चालला. खाकरांना 5 वर्षे, उषाबाईंना 4 वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना 1 वर्ष अशा शिक्षा झाल्या.

आता तुम्ही विचाराल, ह्याचा आपल्या विषयाशी संबंध काय? संबंध असा, की त्या केंद्रावरून बोललेले शब्द हवेत गेले. गुप्तपणे काम करणारी माणसे आपल्या बोलण्याचे दप्तर थोडेच ठेवतात! मग ते शब्द आज आपल्याला कसे वाचायला मिळतात? रोज कानाला यंत्र लावून ते ऐकणारे आणि इमानाने उतरवून घेणारे एक खाते होते. ते खाते पोलिसांचे! केंद्र बंद पाडण्यासाठी त्यांनी जी टिपणे केली, त्यांतच ते केंद्र जिवंत राहिले. उषा ठक्कर यांनी 2021 साली ह्या रेडिओवर पुस्तक लिहिले, त्याला पोलिसांच्या ह्याच टिपणांचा मोठा आधार आहे. लिहिणाऱ्याचा हेतू एक आणि कागदाचा उपयोग दुसराच, असे इतिहासात पुष्कळदा होते.

पण असा कागद मागायचा कोणी आणि कोणत्या अधिकाराने? इथे थोडे मागे, 1872 सालापर्यंत जावे लागेल. त्या वर्षी आपल्या देशात पुराव्याचा कायदा आला. त्याच्या 76 व्या कलमात म्हटले होते की, जो सरकारी दस्तऐवज पाहण्याचा एखाद्याला हक्क आहे, त्याची नक्कल मागणी होताच, फी घेऊन, अधिकाऱ्याने दिली पाहिजे. वाचायला किती गोड वाटते! पण त्यातली मेख पाहा. 'पाहण्याचा हक्क आहे' असे म्हटले, परंतु तो हक्क कोणाला आहे हे कलमात कुठेच सांगितले नाही. कुलूप दाखवले, किल्ली मात्र कोणाजवळ हे सांगितले नाही. 1897 साली मद्रासच्या हायकोर्टात पूर्णपीठापुढे प्रश्न आला, की तपासाच्या वेळी पोलिसांनी वरिष्ठांकडे पाठवलेल्या अहवालांच्या नकला खटल्याआधी आरोपीला मिळाव्यात का. बहुमताने उत्तर आले, नाही. ज्याच्या गळ्याशी दोर, त्यालाच जर कागद दिसत नाही, तर बाहेरच्या माणसाला कोण विचारतो?

पुढे 1923 साली सरकारी गुपितांचा कायदा आला. गंमत अशी, की मुंबई शहर पोलिसांचा इतिहास सांगणारे एस. एम. एडवर्ड्स यांचे पुस्तकही त्याच वर्षी निघाले. एडवर्ड्स हे स्वतः मुंबईचे पोलीस कमिशनर होते. आतला माणूस इतिहास लिहू शकत होता, पण बाहेरच्या शिक्षकाला त्या दप्तराच्या खोलीचे दार बंद होते.

स्वराज्य आले, तरी हे दार एकदम उघडले असे समजू नका. मला वाटते, ह्याचा खरा चटका बसला तो स्वातंत्र्यसैनिकांना. 1972 साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढली. योग्यच झाले. पण वेतन हवे तर पुरावा हवा. तुरुंगात होता? मग तुरुंगाच्या दप्तरातला दाखला आणा. भूमिगत होता? मग तुमच्यावर वॉरंट निघाले होते, तुम्हाला फरारी म्हणून जाहीर केले होते, असे दाखवणारा कागद आणा. म्हणजे पाहा, ज्या पोलिसांना चुकवून माणूस उसाच्या फडात रात्री काढत होता, त्याच पोलिसांच्या दाराशी म्हातारपणी अर्ज घेऊन उभे राहायचे, आणि म्हणायचे, "साहेब, तुम्ही मला शोधत होता, तेवढे लिहून द्या!" आणि बेचाळीस सालच्या गोष्टीला तोवर तीस वर्षे उलटलेली. कित्येक कागद मुदत संपली म्हणून नष्ट झालेले, काही वाळवीने नेलेले. मग दप्तर उपलब्ध नाही असा दाखला घ्या आणि तुरुंगातल्या सोबत्याचे प्रमाणपत्र जोडा, असे हेलपाटे सुरू झाले. शेवटी 2001 साली गुरदयाल सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की अशा अर्जांना फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नका.

ह्याच काळात कायद्याची वाटही हळूहळू बदलत होती. 1974 च्या एप्रिलपासून नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली आणि तीत फिर्याद देणाऱ्याला पहिल्या खबरीची नक्कल विनामूल्य द्यावी असे स्पष्ट लिहिले गेले. 1975 साली राजनारायण प्रकरणात पंतप्रधानांच्या दौऱ्यातील बंदोबस्ताच्या नियमपुस्तकावरून वाद झाला. सरकारचे अपील मान्य झाले खरे, पण त्याच निकालात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी लोकांचा जाणण्याचा हक्क मोकळेपणाने मांडून ठेवला. बी पेरले गेले. उगवायला तीस वर्षे लागली. महाराष्ट्राने 2002 साली आपला माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू केला. देशाचा कायदा 12 ऑक्टोबर 2005 रोजी अंमलात आला. त्या दिवशी दसरा होता, सीमोल्लंघनाचा दिवस! 1872 च्या कलमात जी किल्ली ठेवायची राहिली होती, ती आता प्रत्येक नागरिकाच्या हाती आली. कागद कशासाठी हवा, हे सांगायचेही बंधन नाही.

सगळेच कागद मिळतात असे मात्र नाही, आणि मिळूही नयेत. खबर देणाऱ्याच्या जिवाला धोका होईल असा कागद, तपासात अडथळा येईल असा कागद पोलीस नाकारू शकतात. काही गुप्तवार्ता शाखांना राज्य सरकार ह्या कायद्याबाहेर ठेवू शकते. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचा भंग ह्यांबद्दलच्या माहितीला मात्र ती सूट नाही. 'तपास चालू आहे' हे उत्तर फार सोयीचे असते, बरं का. तपास चालू आहे एवढे म्हणून भागत नाही, माहिती दिल्याने तो कसा अडेल हे दाखवले पाहिजे, असे दिल्ली हायकोर्टाने 2007 साली भगत सिंग यांच्या प्रकरणात सांगितले आहे. आणि शिक्षकबंधूंनो, गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी एक कलम वहीत टिपून ठेवावे, आठव्या कलमाचे तिसरे पोटकलम. घटना 20 वर्षांहून जुनी असेल, तर नकाराची बहुतेक कारणे गळून पडतात. देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेष हक्क, मंत्रिमंडळाची टिपणे एवढी उरतात.

आता घरातलीच गोष्ट घ्या. तुमचा भाऊ मुंबईत टेंपो चालवतो. अपघात झाला, फिर्याद नोंदवली गेली. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिल्यापासून पहिली खबर साधारणपणे 24 तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर यावी लागते. स्त्रियांवरील अत्याचार, दहशतवाद अशी नाजूक प्रकरणे त्यातून वगळली आहेत. तालुक्याच्या गावी संगणकावर बसलेल्या कुठल्याही मुलाला ती काढून देता येईल. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तीत फिर्यादीबरोबर पीडितालाही विनामूल्य नक्कल मिळते आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांत कळवायचे असते. चोरीच्या तक्रारीवर 'ए समरी' झाली असे कोणी सांगितले, तर घाबरू नका. गुन्हा खरा, पण चोर सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. 'बी समरी' म्हणजे मात्र तक्रार खोटी ठरवली. तेव्हा अक्षर नीट वाचा.

बाकी कागदांसाठी साधा अर्ज पुरतो. जनमाहिती अधिकारी, अमुक पोलीस ठाणे, असा मायना घाला. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तोही लागत नाही. 'सर्व माहिती द्यावी' असे मोघम लिहू नका. गुन्ह्याचा क्रमांक, तारीख, कोणता कागद, हे नेमके लिहा. उत्तराला 30 दिवसांची मुदत आहे, कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर 48 तासांची. पत्ता चुकला तर अर्ज योग्य कचेरीकडे 5 दिवसांत धाडणे हे त्यांचे काम. उत्तर आले नाही तर त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे अपील आणि त्यानंतर राज्य माहिती आयोग. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय मात्र खिडकी सोडू नका. पुढची सगळी मुदत त्या शिक्क्यापासून मोजायची असते.

आणि कधी उत्तर येईल, "सदर कागद नष्ट करण्यात आला आहे." तेव्हा लगेच हात टेकू नका. सरकारी कागद कोणी आपल्या मर्जीने चुलीत घालू शकत नाही. कोणत्या तारखेला, कोणाच्या हुकमाने नष्ट केला, ह्याची नोंद ठेवावी लागते. दुसरा अर्ज करा आणि त्या नोंदीची नक्कल मागा.