खानदेशचं ऊन आणि एमएस

जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, तेव्हा धडधाकट माणूसही दुपारी आडवा होतो. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेल्यांना या उन्हाचा तडाखा वेगळाच बसतो. अंग तापलं की नजर धूसर होते, पाय लटपटतात. गारव्यात बसलं की बऱ्याचदा पुन्हा ताळ्यावर येतात. श्रमानंतर अशी नजर मंदावते, हे जर्मन नेत्रवैद्य विल्हेल्म उटहॉफ यांनी १८९० मध्येच टिपलं होतं. पुढे, एमआरआय येण्यापूर्वी, डॉक्टर संशयित रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून पाहत. खानदेशात टबाची गरजच नव्हती.

या आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. त्याची पहिली नीट मांडणी फ्रेंच मेंदूविकारतज्ज्ञ ज्याँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात केली. हे रुग्णालय तेव्हा बायकांचं. गंमत अशी, की बायकी दुखणं समजल्या जाणाऱ्या 'हिस्टेरिया'चा गाजावाजाही पुढे याच शार्कोंनी इथेच केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काही नोंदींत तर एमएसचे पुरुष रुग्णच जास्त दिसतात. मग बायका गेल्या कुठे? बऱ्याच जणी हिस्टेरियाच्या खात्यात जमा झाल्या असाव्यात, असा एक कयास आहे. आपल्याकडे 'अंगात आलं', 'बाहेरचं लागलं', 'अंगावरून वारं गेलं' ही खाती तयारच होती.

आज जगभर पुरुषांच्या दुपटी-तिपटीने स्त्रियांना एमएस होतो. एमआरआयने मात्र चक्रावून टाकलं. स्त्रियांच्या मेंदूत दाहाचे ताजे डाग अधिक; पुरुषांत ते कमी, पण मेंदूची झीज, विशेषतः करड्या भागाची, सरासरीने जास्त. अपंगत्वही पुरुषांना लवकर गाठतं.

भारतात हा आजार दुर्मीळच, अशी समजूत होती. मुंबईत मेंदूविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पारशी समाजात तो चांगलाच आढळत असल्याचं दाखवलं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाही १९८५ मध्ये मुंबईतच उभी राहिली.

पण खानदेशातून उपचाराला मुंबई गाठायची म्हणजे रात्रभराची गाडी. धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं १९८८ मध्ये, जळगावला थेट २०१८ मध्ये. त्याआधी दोनच वर्षं, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ अपंगत्वांत एमएसला जागा दिली होती.

घरातली कुणी उन्हातून आल्यावर 'दिसेना, पाय ओढला जातोय' म्हणाली, तर भगताकडे नेण्याआधी तिला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या.