सर्कस, ब्रायटन आणि एक वही

गेल्या शनिवारी मित्राकडे गेलो होतो. दारात चप्पल काढतोय तोवर त्याच्या गोल्डन रिट्रीव्हरने ती तोंडात धरून थेट हॉलमध्ये नेली. परत घेतली तर एकही दात उमटलेला नाही! "अरे, रशियन सर्कशीतलं रक्त आहे त्याचं!" मित्र अभिमानाने म्हणाला. मग काय, माझा रविवार शोधाशोधीत गेला.

गोष्ट मस्त आहे. 1858 साली इंग्लंडमधल्या ब्रायटनला सर्कस आली. तिथली हुशार रशियन कुत्री एका लॉर्डसाहेबांना इतकी आवडली की त्यांनी अख्खा ताफाच विकत घेतला. कित्येक वर्षं लोक हेच खरं मानत होते.

लॉर्डसाहेब मात्र खरे. डडली मार्जोरिबँक्स (उच्चार म्हणे 'मार्चबँक्स'!), पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ. स्कॉटलंडच्या डोंगरात गिसाखन नावाची त्यांची इस्टेट होती. त्या काळात बंदुका सुधारल्या, तसे पक्षी लांबवर, झुडपात नाहीतर पाण्यात पडायला लागले. ते शोधून, न चावता आणून देणारा कुत्रा हवा होता.

साहेबांना एक चांगली सवय होती. कुत्र्यांची वंशावळ ते वहीत लिहून ठेवायचे. कोडमध्ये कॉमेंट लिहायचा कंटाळा करणाऱ्या आपल्यासारख्यांनी हात जोडावेत! वही सांगते की त्यांनी ब्रायटनला 'नूस' नावाचा एक पिवळा रिट्रीव्हर घेतला. साल 1865. म्हणजे ब्रायटन खरं, सर्कस खोटी! 1868 मध्ये त्याची जोडी 'बेल' या ट्वीड वॉटर स्पॅनियल कुत्रीशी लावली. पिल्लांची नावं क्रोकस, प्रिमरोज, काउस्लिप. सगळी पिवळ्या फुलांची. वहीतला हा तपशील 1952 मध्ये छापून आला आणि सर्कशीने गाशा गुंडाळला.

आता तुम्ही म्हणाल, सर्कस काय नि स्पॅनियल काय, फरक काय पडतो? पडतो हो. वहीतला कुत्रा थंड पाण्यात उड्या मारायला आणि दिवसभर माळावर फिरायला घडवलेला आहे. अंगावर दुहेरी केसांचा कोट. त्याला आपण पुण्याच्या मे महिन्यात टू बीएचकेमध्ये ठेवतो, दिवसातून दोनदा खाली नेऊन आणतो आणि सोफा फाडला की वाह्यात म्हणतो. तो वाह्यात नाही, बेकार आहे!

गिसाखनचा वाडा आज छप्पर उडालेला पडका आहे. तिथेच 2018 मध्ये, क्रोकसच्या जन्माला दीडशे वर्षं झाली म्हणून, 361 गोल्डन जमले होते.

मित्राला हे सगळं फोनवर ऐकवलं. सर्कस गेल्याचं त्याला जरा वाईट वाटलं. पण आज सकाळी सहाला त्याचा मेसेज आला: "तळ्यावर चाललोय, येतोस?"

चप्पल जपून घालून निघालो.