मर्त्यांचे प्रेक्षागृह : मोठ्या पडद्याच्या इतिहासाची एक बाजू

एम. ए.च्या वर्गात भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय शिकवताना दरवर्षी एक अडचण येते. रससूत्र म्हटले की विद्यार्थी सरसावून बसतात. प्रेक्षागृहाची मोजमापे आली की वर्गावर झोप उतरते. ज्येष्ठ मंडप १०८ हातांचा, मध्यम ६४ हातांचा, कनिष्ठ ३२ हातांचा. मर्त्यांसाठी ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद मंडप पुरे. परीक्षेपुरते हे आकडे वहीत उतरतात आणि तिथेच राहतात. मात्र मध्यंतरी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, मोठा मंडप बांधायला हरकत काय होती? जास्त लोक बसले असते."

उत्तर भरतानेच दिलेले आहे. मंडप फार मोठा झाला तर नटाचा शब्द अस्पष्ट होतो आणि मुखावरचे भाव शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणजे प्रेक्षागृहाचा आकार ठरतो तो शेवटच्या रांगेतल्या माणसाच्या डोळ्यांवरून आणि कानांवरून. एक हात म्हणजे साधारण दीड फूट धरला, तर भरताचा मध्यम मंडप सुमारे ९६ फूट लांब आणि ४८ फूट रुंद भरतो. हैदराबादच्या प्रसाद्‌ज् आयमॅक्सचा २००३ साली उभारलेला पडदा ९५ फूट रुंद आणि ७२ फूट उंच होता. भरताने मर्त्यांसाठी जेवढे लांब प्रेक्षागृह पुरेसे मानले, तेवढा रुंद एकटा पडदाच! प्रस्तुत लेखाचा विषय या दोन आकड्यांच्या मधला आहे. पडदा वाढत गेला तेव्हा त्याच्यासमोर बसणाऱ्या समुदायाचे काय झाले, हा प्रश्न आपल्याकडच्या चित्रपटविषयक लेखनात फारसा विचारला जात नाही.

भरताची अडचण सिनेमाने एका फटक्यात सोडवली होती, हे प्रथम लक्षात घ्यायला हवे. नटाचा चेहरा पडद्यावर पंधरा-वीस फुटांचा झाला, बोलपटानंतर त्याचा आवाज कर्ण्यातून आला, आणि शेवटच्या रांगेची चिंता मिटली. त्यामुळेच हजार-बाराशे माणसांची चित्रपटगृहे बांधणे शक्य झाले. मुंबईच्या चर्चगेट स्थानकासमोरचे 'इरॉस' हे त्यातले एक ठळक उदाहरण. शियावक्ष कावसजी कंबाटा यांनी ते उभारले. वास्तुरचनाकार होते सोराबजी भेदवार. १९३५ साली काम सुरू झाले आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये चित्रपटगृह खुले झाले. बॅकबेची भरणी करून समुद्र मागे हटवला गेला आणि त्या नव्या जमिनीवर आर्ट डेको शैलीच्या इमारतींची जी रांग उभी राहिली, तिच्या टोकाशी इरॉस आहे. तांबड्या आग्रा दगडाचा आणि फिकट पिवळसर रंगाचा तो टप्प्याटप्प्याने वर चढणारा मनोरा मुंबईला गेलेल्या प्रत्येकाने निदान बाहेरून तरी पाहिलेला असतो. आत १,२०४ प्रेक्षकांची सोय होती.

१,२०४ हा आकडा आज वाचताना थबकायला होते. एका खेळाला एवढी माणसे एका छपराखाली, एकाच अंधारात, एकाच क्षणी हसत होती. याला आपल्या काव्यशास्त्रात 'साधारणीकरण' हा शब्द आहे. तो शिकवताना आपण तो एकट्या वाचकाच्या मनात घडणारा व्यापार असल्यासारखा शिकवतो. पण भट्टनायक आणि अभिनवगुप्त ज्या सामाजिकाबद्दल बोलतात, तो सभेत बसलेला सामाजिक आहे. शेजारच्याचा उसासा ऐकू येणे हा त्याच्या अनुभवाचा भाग आहे.

यात स्मरणरंजनाचा मोह होतो, तो वेळीच आवरला पाहिजे. जुनी चित्रपटगृहे समतेची मंदिरे नव्हती. बाल्कनी, ड्रेस सर्कल, स्टॉल अशा दरांच्या पायऱ्या होत्या, आणि पिटातल्या प्रेक्षकाबद्दलची तुच्छता आपल्या समीक्षेतही उतरलेली आहे. मराठवाड्यातल्या जत्रांत येणाऱ्या तंबूत बायकांची बाजू वेगळी असे. तरीही एक गोष्ट खरी, की वेगवेगळ्या पायऱ्यांवर बसलेली ही माणसे एकाच पडद्याकडे पाहत होती. स्टॉलमधली शिट्टी बाल्कनीला ऐकावीच लागे.

मराठवाड्याचा उल्लेख आला आहे, तर इथली एक विशेष गोष्ट नोंदवायला हवी. १९४८ साली निझामाचे राज्य संपले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. नकाशे बदलले, पण चित्रपट-वितरणाच्या धंद्यात 'निझाम' नावाचे क्षेत्र कायम राहिले आणि मराठवाड्याचे जिल्हे त्यात मोजले जात राहिले. मुंबई आमच्या राज्याची राजधानी झाली, तरी चित्रपटाच्या हिशेबवहीत आम्ही हैदराबादच्या पानावर होतो. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, प्रेक्षकाला मोठ्या पडद्याची दोन टोके ठाऊक होती: एक समुद्राकाठची मुंबई, दुसरे हुसेनसागराकाठचे हैदराबाद. दोन्हीकडे कामाला, शिक्षणाला वा दवाखान्याला गेलेला माणूस परतताना एखादा 'मोठा' सिनेमा पाहून येई आणि महिनाभर सांगत असे.

हा मोठेपणा टप्प्याटप्प्याने आला. १९५९ च्या 'कागज के फूल'ने सिनेमास्कोप आणला. १९७५ चा 'शोले' चित्रित झाला होता ३५ मिलिमीटरवर, पण तो ७० मिलिमीटरवर वाढवून स्टिरिओ ध्वनीसह दाखवला गेला, आणि मुंबईच्या 'मिनर्व्हा'त पाच वर्षे चालला. इथपर्यंत पडदा आणि समुदाय एकत्र वाढत होते. मोठा पडदा परवडावा म्हणून मोठे सभागृह हवे होते आणि मोठे सभागृह भरावे म्हणून मोठा पडदा.

आयमॅक्सचे गणित मात्र वेगळे होते. १९७० साली जपानमधील ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात ते प्रथम दाखवले गेले. यात ७० मिलिमीटरची फिल्म उभी न धावता आडवी धावते आणि एकेका चौकटीला पंधरा छिद्रांची लांबी मिळते. चौकटीचे क्षेत्रफळ नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या सुमारे दहापट होते. पडदा प्रेक्षकाच्या नजरेच्या कडांपलीकडे जावा, हा हेतू. आजूबाजूचे काही दिसू नये, अशीच ही रचना आहे. भरताने शेवटच्या प्रेक्षकाचा विचार केला. इथे विचार आहे एकेकट्या डोळ्याचा. शेजारी कोण बसले आहे, याला तिथे महत्त्व उरत नाही.

२००१ साली मुंबईत वडाळ्याला अ‍ॅडलॅब्जने घुमटाकार आयमॅक्स सुरू केले. आकाशगंगा आणि एव्हरेस्ट पाहायला शाळांच्या सहली तिथे येत. पण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या माहितीपटांवर असा डोलारा फार काळ पेलत नाही. हॉलीवूडचे कथापट या आकारात आणण्याचे तंत्र २००२ पासून आले, तेव्हा धंद्याला आधार मिळाला. सोबत परावलंबनही आले. दाखवायचे काय, हे दुसऱ्या खंडात ठरणार, यंत्र आणि नाव परवान्यावर मिळणार. हैदराबादच्या प्रसाद्‌ज्‌मध्ये २०१४ मध्ये आयमॅक्सचे नाव उतरले, पडदा राहिला. वडाळ्याचे चित्रपटगृह अ‍ॅडलॅब्जकडून रिलायन्सकडे, तिथून कार्निव्हलकडे असे हात बदलत गेले, करोनाकाळात अंधारले आणि पुन्हा नव्या चालकाच्या हाती आले. २०१८ मध्ये दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलन फिल्मच्या जतनाचा आग्रह धरत मुंबईत आले, तेव्हा 'डंकर्क' वडाळ्याच्या याच चित्रपटगृहात दाखवला गेला. पाच वर्षांनी त्यांचा 'ओपेनहायमर' आला, त्या वेळी आयमॅक्सच्या ७० मिलिमीटर फिल्मवर तो दाखवणारी चित्रपटगृहे साऱ्या जगात जेमतेम तीस उरली होती. भारतात त्यांतले एकही नव्हते.

आता पुन्हा इरॉसकडे. २०१७ मध्ये मालकीच्या आणि थकबाकीच्या वादात ते बंद पडले होते. पुढच्याच वर्षी, २०१८ साली, मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तूंच्या समूहाला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या समूहात इरॉसही आले. जगाने ज्या इमारतीला मान दिला, तिच्या दाराला तेव्हा कुलूप होते. २०२३ मध्ये इमारतीभोवती पराती दिसल्या आणि इरॉस पाडले जाणार, अशी आवई उठली. लोक हळहळले, संतापले. दुरुस्ती चालू असल्याचा खुलासा झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इरॉस खरोखर उघडले. दर्शनी भाग पूर्वीसारखा झळाळतो आहे. आत आयमॅक्सचा पडदा आहे आणि आसने तीनशेच्या आसपास. इमारतीच्या बऱ्याच भागात आता विक्रीदालन आहे.

ही वाचवण्याची कथा आहे, आणि ती तशी सांगितलीही गेली. बंद पडून कोसळण्यापेक्षा हे कितीतरी बरे, यात शंका नाही. ज्यांनी दगड न् दगड स्वच्छ केला, त्यांचे ऋण मानले पाहिजे. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक वजाबाकी करायला हवी. बाराशेतून तीनशे गेले की नऊशे उरतात. हे नऊशे लोक कुठे गेले? पूर्वीपेक्षा मोठ्या प्रतिमेसमोर पूर्वीच्या चौथाई माणसे बसली आहेत. भिंतीला वारसा म्हणून कायद्याचे संरक्षण असते. स्टॉलच्या तिकिटाला नसते.

याला केवळ तंत्रज्ञान कारणीभूत नाही. २००१ साली महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ केला आणि पुढची दोन वर्षे चौथाईच आकारला. त्याच गावातल्या एकपडदा चित्रपटगृहाला मात्र पूर्ण कर होता. ज्याचे तिकीट स्वस्त त्याच्यावर कराचे ओझे आणि ज्याचे महाग त्याला सवलत, असा तो उलटा न्याय. जमिनीच्या भावाने उरलेले काम केले. आमच्या शहरात मोहन, स्टेट, सादिया, अंजली ही नावे उच्चारली की पन्नाशीतली माणसे आपापले पहिले-दुसरे चित्रपट सांगू लागतात. वर्गातल्या मुलांना ती पत्ते सांगण्याच्या खुणा म्हणून माहीत आहेत.

साहित्याच्या अभ्यासकांनी यात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की प्रेक्षक हा आपल्या शास्त्रातला मूळ शब्द आहे आणि त्याचा इतिहास आपण लिहिलेला नाही. चित्रपटांचा इतिहास म्हणजे दिग्दर्शकांचा, नटांचा आणि गीतांचा इतिहास, असे धरून आपण चाललो. चित्रपटगृहाचा इतिहास लिहिला, तर तो वास्तूचा. तिकीटखिडकीवर बसलेला, रिळांची पेटी एसटीतून आणणारा, कार्बनच्या कांड्यांवर प्रक्षेपण करणारा, बायकांच्या रांगेत लेकरू झोपवून पडद्याकडे पाहणारी, यांच्या आठवणी आज तोंडी आहेत. ती माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. एका गावातल्या एका चित्रपटगृहाची आसनसंख्या, तिकिटांचे दर, खेळांच्या वेळा आणि चार प्रेक्षकांच्या मुलाखती एवढे जरी एम. ए.च्या प्रकल्पात नोंदले गेले, तरी दहा वर्षांत मराठवाड्याच्या प्रेक्षकाचा इतिहास उभा राहील. हे काम इमारत पडण्याची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे.

त्या विद्यार्थिनीला वर्गात दिलेले उत्तर अपुरे होते, असे आता वाटते. मोठा मंडप बांधायला भरताची हरकत होती, कारण त्यात शेवटचा माणूस वगळला जाईल. आपण मोठा पडदा बांधला, त्यात शेवटच्या माणसाला सगळे स्पष्ट दिसते. फक्त ती शेवटची रांगच आपण काढून टाकली. तिने या वर्षीच्या प्रकल्पासाठी आपल्या तालुक्याच्या गावातले बंद पडलेले चित्रपटगृह निवडले आहे. जागेची मापे ती स्वतः घेणार आहे. फुटांत घेऊ की हातांत, असे तिने परवा विचारले. दोन्हींत घे, असे सांगितले आहे.